‘कोकणातले पाँपेई’ : एक तळटीप

१२. पाँपेई : इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले रोमन शहर. लेखकाच्या मनात एडवर्ड बुल्वर-लिटन यांची १८३४ ची ‘द लास्ट डेज ऑफ पाँपेई’ ही कादंबरी दिसते. (याच लिटनसाहेबांच्या चिरंजिवांनी पुढे व्हाइसरॉय म्हणून १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आणला.) लेखकाने वसईच्या कोटाला दिलेली ‘कोकणातले पाँपेई’ ही उपमा शोभत नाही. पाँपेईवर निसर्ग कोपला. वसई मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वेढ्यापुढे शरण आली, आणि तहानुसार पोर्तुगीज आपली चीजवस्तू घेऊन बाहेर पडले. कोटातली चर्चेस पुढे ओस पडली हे खरे. पण परिसरातल्या गावांमध्ये ख्रिस्ती समाज आजही नांदतो आहे.