तंबोऱ्याची तार

पुण्यात आज गिटार शिकणारा एखादा मुलगा वाद्यांच्या दुकानात शिरला, म्हणजे तो नुसते ‘तार द्या’ असे म्हणत नाही. पोलादी की नायलॉनची, बारीक की जाड, हे तो नेमके सांगतो. आणि तसे सांगणे त्याला भागच असते. नायलॉनच्या तारांकरिता बांधलेल्या गिटारीवर पोलादी तारा चढविल्या, तर सहा तारांचा मिळून जो सुमारे ४० किलोंचा ताण असावयाचा तो सत्तरांच्या घरात जातो, आणि मग घोडी उखडते किंवा तबली फुगून वर येते. त्याच दुकानात तंबोऱ्याची तार मागावयास आलेला गायनाचा विद्यार्थी मात्र बहुधा ‘तंबोऱ्याचा एक संच’ एवढेच बोलतो. तंबोरा पुरुषी आहे की जनानी, पट्टी काळी एक की काळी पाच, पहिली तार पंचमाला लावावयाची की निषादाला, ह्यांतले काहीच तो सांगत नाही, आणि त्याला कोणी विचारीतही नाही. परदेशी वाद्याच्या बाबतीत एवढी काटेकोर असणारी आपली मुले घरच्या वाद्याविषयी इतकी उदासीन का, हा प्रश्न बाजूस ठेवू. तारेची ही निवड आपल्या मुलखात कशी घडत आली आणि ती बिघडली म्हणजे नेमके काय बिघडते, तेवढेच आज सांगावयाचे योजिले आहे.

‘तंतुवाद्य’ ह्या आपल्या शब्दातच एक जुनी हकीकत दडलेली आहे. तंतु म्हणजे धागा. प्राचीन वीणांवर धातूची तार नव्हे, तर जनावराच्या आतड्यापासून वळलेली तात चढविलेली असे. धातू मागाहून आला. पण आला तो तातीला हुसकून नव्हे. अकबराच्या दरबारचा इतिहासकार अबुल फजल ह्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ई-अकबरी’त वाद्यांची जी यादी दिली आहे, तीत रबाबाला सहा ताती सांगितल्या आहेत, आणि सरमंडळाला एकवीस तारा, त्यांतल्या काही पोलादाच्या, काही पितळेच्या व काही तातीच्या. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच एका वाद्यावर तीन जातींच्या तारा ओढल्या जात होत्या, आणि कोणत्या स्वराला कोणती जात, हा विचार वाद्य करणाऱ्याच्या मनात होता. सारंगीने तर आपल्या तीन मुख्य ताती आजपर्यंत सोडल्या नाहीत. बालगंधर्वांच्या गाण्यामागे कादरबक्षांची जी सारंगी वाजत असे, तिचा मऊपणा पोलादाला साधला नसता.

परंतु तंबोऱ्याला तात चालत नाही. त्याच्या रुंद घोडीवर तारेने घासून, थरथरत, झंकार द्यावयाचा असतो, आणि हे काम धातूचेच. तार घडविणारे जुने कारागीर लोखंडी पट्टीतल्या लहान लहान छिद्रांतून धातू ओढून तार बारीक करीत. त्या तारेत एकसारखी जाडी मिळणे कठीण. आणि जी तार एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक, तिचा स्वर कधीच स्वच्छ निघावयाचा नाही. ही अडचण सुटली ती आपल्याकडे नव्हे, तर इंग्लंडात, आणि तीही पियानोच्या निमित्ताने. १८५४ साली जेम्स हॉर्सफॉल ह्या बर्मिंगहॅमकडील कारखानदाराने पोलादी तारेला विशिष्ट तऱ्हेने उष्णता देऊन तिचे बळ वाढविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे जर्मनांनी ह्या धंद्यात आघाडी मारली. बव्हेरियातील रोसलाऊ ह्या गावच्या कारखान्याचे नाव आजही आपल्याकडील सतारिये तोंडपाठ म्हणतात. जाडीचे क्रमांकही तिकडचेच. ब्रिटनने १८८४ साली ते कायद्याने ठरवून टाकले आणि आपण ते तसेच उचलले. त्यांत एक गंमत आहे, ती नवख्याला हटकून फसविते. नंबर वाढला की तार बारीक होते! ३० नंबरची तार ०.३१५ मिलीमीटर जाडीची, तर २४ नंबरची ०.५५९ मिलीमीटरची.

ही नवी तार ज्या हातांत पडली ते हात मिरजेचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गवई-वादकांची ये-जा असे. उत्तरेकडून आणलेली वाद्ये मोडली तर दुरुस्त करावयास जवळपास कोणी नव्हते. ते काम फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने अंगावर घेतले. तलवारींना पाणी देणारे, हत्यारे घासूनपुसून लखलखीत करणारे हे घराणे. राज्ये गेली, लढाया संपल्या, आणि हत्यारांचा धंदा बसला. धातूची जाण असलेल्या माणसाने वाद्याकडे वळावे, ह्यात मला तरी नवल वाटत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भीमाकाठचे मोठे भोपळे आणि तुणीचे लाकूड घेऊन त्यांनी व त्यांच्या वंशजांनी तंबोरे व सतारी अशा घडविल्या की, पुणे-मुंबईच काय, साऱ्या हिंदुस्थानातील गवई मिरजेची वाट धरू लागले. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला, १९११ साली भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला, १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांचे गांधर्व महाविद्यालय आले. इतक्या विद्यार्थ्यांना तंबोरे लागत, आणि मिरज काही पुण्याहून फार दूर नाही.

आता थोडे गणित. मास्तरकीची सवय जात नाही, तेव्हा श्रोत्यांनी सोसावे. मार्सेन ह्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली तारेचे नियम प्रसिद्ध केले. तार लांब असेल तर स्वर खाली, जड असेल तर स्वर खाली, ताण वाढविला तर स्वर वर. हे आपल्या तंबोऱ्याला लावून पाहू. पुरुषी तंबोरा, घोडीपासून वरच्या तारगहनापर्यंत लांबी एक मीटर, पट्टी काळी एक. जोडीच्या तारांचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा. तेथे ३० नंबरची पोलादी तार लावली तर तिच्यावर सुमारे पावणेपाच किलोंचा ताण येतो. तीच तार खर्जाला लावू म्हटले तर? कंपने निम्मी हवीत, म्हणजे ताण चौथाई, जेमतेम सव्वा किलो. अशी तार घोडीवर लोळते, स्वर देत नाही. तेथे २४ नंबरची पितळी तार घातली की ताण पुन्हा चार किलोंच्या आसपास येतो, आणि चारही तारा बोटाखाली सारख्या लागतात. बोटाला हा सारखेपणा लागला नाही तर तंबोरा छेडणाऱ्याचा ठेकाही डळमळतो.

मग खर्जाला जाड पोलादच का नको? कारण जाड पोलाद ताठ असते. ताठ तारेचे स्वयंभू स्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपट न राहता किंचित चढे होत जातात. पितळ तितकेच जड असून पोलादाच्या सुमारे निम्मे ताठ. म्हणून खर्जाचे मानकरी पितळ किंवा त्याचे भावंड कासे. उलट, पितळेची तार जोडीला का लावीत नाहीत? येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. तार किती उंच स्वर सोसेल हे तिच्या जाडीवर मुळीच अवलंबून नसते. जाड तार बळकट खरी, पण तितकीच जड, आणि दोहोंची वजाबाकी होऊन जाते. उरते ती फक्त धातूची जात. पितळ काळी एकच्या जोडीला तुटण्याच्या बेतात येते, आणि बायकांच्या पट्टीला तर टिकतच नाही. म्हणूनच पुरुषी तंबोऱ्यात पंचमाची तार पितळी चालते, तर जनानी तंबोऱ्यात पंचमही पोलादी घ्यावा लागतो व पितळ एकट्या खर्जाला उरते. मिरजेच्या कारागिरांनी हे गणित मांडले नव्हते. तुटलेल्या तारा मोजून त्यांनी ते शोधिले असावे, असे मला वाटते.

रागानुसार पहिली तार बदलते, हीही गोष्ट लक्षात ठेवावयाची. मालकंसात पंचम नाही म्हणून ती मध्यमावर उतरविली, तर ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो. मारव्यासाठी शुद्ध निषादावर चढविली, तर तो दीडपटीहून थोडा अधिक होतो. एवढी खालीवर ओढाताण सोसणारी तार कोणती, हे ज्याच्या त्याच्या रियाजावर आहे. जो नेहमी निषाद लावतो त्याने तेथे पितळ घेऊ नये.

ही सारी खटपट कशासाठी? एका गांधारासाठी. खर्जाची तार सेकंदाला ६९ वेळा कंप पावत असेल, तर तिच्या पोटात पाचपटीचा, म्हणजे सुमारे ३४६ कंपनांचा एक स्वर असतो. तो कोणी छेडीत नाही. तंबोरा उत्तम लागला म्हणजे आपोआप कानी येतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा (१८७२–१९३७) तंबोरा ह्या स्वयंभू गांधारासाठी प्रसिद्ध होता. खाँसाहेब मिरजेस राहिले, वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत, आणि तंबोरा मिळविण्यात घालविलेला वेळ त्यांनी कधी फुकट मानला नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी बावीस श्रुतींचे जे मोजमाप केले व १९१० साली इंग्रजीत पुस्तकरूपाने छापले, त्याला खाँसाहेबांच्याच गळ्याचा व कानाचा आधार होता. पुढे १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी आपल्या वीणा-तंबोऱ्यांच्या घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा स्वयंभू स्वर उमटू नये असे युरोपीय शास्त्र म्हणते, तेथेही आपल्या वाद्यांत तो उमटतो, आणि ही करामत रुंद, किंचित उताराच्या घोडीची आहे, असे त्यांना आढळले.

पण घोडी एकटी काही करीत नाही. तारेखाली जो रेशमाचा किंवा सुताचा धागा सरकवितात, ज्याला आपण समर्पकपणे ‘जीव’ म्हणतो, त्याची जागा तारेच्या जाडीप्रमाणे बदलते. तार बदलली की जीव पुन्हा शोधावा लागतो. जाडी फार बदलली तर जवारीच नव्याने काढावी लागते. दुकानातून आणलेला कोणताही संच चढविला आणि तंबोरा मुका झाला, म्हणजे दोष वाद्याचा ठरतो. वर्षानुवर्षे चांगले बोललेले तंबोरे अशा रीतीने माळ्यावर जाऊन पडतात.

आकाशवाणीवर बोलताना एका गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाही. १९४० च्या मार्चपासून नभोवाणीने संवादिनीला, म्हणजे आपल्या पेटीला, साथीतून वगळले होते, आणि ते धोरण १९७१ पर्यंत चालले. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला व पेटीवाल्यांवर अन्याय झाला, हे माझेही मत आहे. परंतु त्यामागील एक मुद्दा खरा होता. पेटीचा ठाम गांधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. पेटी हटली तरी तंबोरा राहिला, त्याला कोणी हात लाविला नाही. त्याला धक्का बसला तो १९७९ नंतर, जेव्हा बंगळूरच्या राज नारायण ह्यांनी विजेवर चालणारा तंबोरा बाजारात आणला. त्या यंत्राचे उपकार मोठे आहेत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार फुटांचे वाद्य ठेवावे कोठे? आणि आता तर खिशातल्या फोनवरही तंबोरा वाजतो. मात्र त्याला तार नाही. ज्या मुलाने कधी तार निवडली नाही, खुंटी पिळली नाही, मणी सरकवून केसभर स्वर वर घेतला नाही, त्याला स्वर मिळाला म्हणजे काय होते हे कोण सांगणार? यंत्र त्याला मिळालेला स्वर देते. मिळवावयास लावीत नाही. गुरूकडचे पहिले वर्ष ज्या कामात जात असे, ते कामच नाहीसे झाले.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट. त्या निमित्ताने कोणी नवा तंबोरा घ्यावयास मिरजेस गेलाच, तर त्याने आपली पट्टी आधी गाऊन दाखवावी, नेहमीचे राग सांगावेत, आणि चारही तारांचे धातू व नंबर कारागिराकडून कागदावर लिहून घ्यावेत. पुण्याच्या पावसाळ्यात पोलाद लवकर गंजते, तेव्हा वाजवून झाले की कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात. जोडीची एक तार तुटली तर दुसरीही बदलावी, कारण जुनी व नवी ह्यांचे जुळत नाही. आणि तो नंबरांचा कागद गवसणीच्या आतल्या बाजूस टाके घालून शिवून ठेवावा, खिशातला हरवतो.