तंबू आणि तंबोरा

ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी इंग्रज सरकारने रत्नागिरीस जो राजवाडा बांधला, तो १९१० साली पुरा झाला. त्याच्या आवारात अलीकडच्या वर्षांत शास्त्रीय संगीताचे महोत्सव भरू लागले आहेत. आता तेथे राजा नाही आणि दरबारही नाही. व्यापारी, शिक्षक, वकील, आंब्याचे बागाईतदार असे श्रोते घरच्या मंडळींसह बसून ख्याल ऐकतात. गवयाचे पोट राजाने भरावे, ही शतकानुशतकांची रीत मोडली आणि तो भार सामान्य जनांच्या खिशावर आला. हा पालट घडत असता जी माणसे मध्ये उभी होती, त्यांत एका व्यावसायिकाचे नाव आम्हांस विशेष वाटते. ते म्हणजे सर्कसवाले विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

विष्णुपंतांना दोन व्यसने जडली, एक घोड्याचे व दुसरे गाण्याचे. आणि दोन्ही त्यांना एकाच गावी, ग्वाल्हेरीस, घेऊन गेली. शिंद्यांच्या त्या राजधानीत बाबासाहेब आपटे यांच्यापाशी ते अश्वविद्या शिकले, आणि ख्यालगायकीचे आद्य आचार्य हद्दूखाँ यांच्यापाशी गाणे. हद्दूखाँच्या घराण्याची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, हे सर्वश्रुत आहे. विष्णुपंतांनी विद्या आणली नाही. मैफली करून नाव मिळवावे, असा त्यांचा पिंडच नव्हता. पण त्या घरी हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ त्यांचे गुरुबंधू झाले, आणि हे नाते त्यांनी अखेरपर्यंत पाळले.

सर्कशीची हकीकत थोडक्यात सांगता येईल. किआरीनी या इटालियन गृहस्थाच्या सर्कशीसारखे विलायती खेळ मुंबईत येऊ लागले होते. असले काम हिंदी माणसाच्या हातून होणे नाही, असे त्यांच्या तोंडचे बोल लोकांनी ऐकले आणि विष्णुपंतांना ते झोंबले. १८८० च्या सुमारास त्यांनी स्वतःची मंडळी उभी केली. हिंदी माणसाने काढलेली ही पहिली सर्कस. तिने देशभर फिरती केली. १८८८ च्या सुमारास ती मलबारात तेलिचेरीस गेली असता विष्णुपंतांची गाठ कीलेरी कुन्हिकन्नन या व्यायामशिक्षकाशी पडली आणि त्यांतून पुढे केरळात सर्कशीचे शिक्षण सुरू झाले. इकडे कृष्णाकाठी देवल, कार्लेकर इत्यादिकांच्या सर्कशी निघाल्या, त्याही छत्र्यांच्याच पावलावर पाऊल टाकून. एवढा मोठा धंदा ज्याने जमविला तो मनुष्य हिशेबाला कच्चा असणे शक्य नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हद्दूखाँ १८७५ मध्ये वारले. वडील व थोरले बंधू गेल्यावर रहिमतखाँचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. त्यात अफूची सवय. हिंदुस्थानातील एका श्रेष्ठ घराण्याचा वारस, ज्याचा सूर ऐकून जाणत्यांनी माना डोलवाव्या, तो काशीच्या रस्त्यांतून फाटक्या वस्त्रांनी भटकत होता. तेथे तो विष्णुपंतांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याला आपल्या तंबूत आणले, न्हाऊमाखू घातले, आणि तो पुन्हा गाऊ लागेपर्यंत धीर धरला. वाघ, हत्ती, घोडे, कसरतपटू यांच्या त्या फिरत्या गावात आता एक गवईही राहू लागला. सर्कस जाई तेथे खाँसाहेब जात; गावोगावी त्यांच्या बैठका होत. खाँसाहेबांस कशाचे भान राहत नसे. विष्णुपंतांनी सांगावे तेव्हा गावे आणि सांगावे तेव्हा थांबावे, असे त्या काळची माणसे सांगत. ज्याने आयुष्यभर अबोल जनावरांची मने ओळखली, त्यालाच या दुखावलेल्या मनाशी बोलता आले असावे, असे आम्हांस वाटते.

या व्यवहारात विष्णुपंतांचा स्वार्थ नव्हता काय? हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. बैठकींचे उत्पन्न सर्कसवाल्याच्या हाती जाई, आणि वेडसर कलावंताला आपल्या मुठीत ठेवणे व त्याचा सांभाळ करणे यांतील रेषा बारीक असते. तथापि हिशेब मांडावयाचाच तर पुरा मांडला पाहिजे. ज्याला कोणी घरात घेईना, त्याला या माणसाने वर्षानुवर्षे पोसले. आणि गुरुपुत्र म्हणून मानाने वागविले. केवळ नफाच हवा असता तर सर्कशीत एक हत्ती अधिक बाळगणे त्याहून कमी जोखमीचे होते. शिवाय हा पैसा आला कोठून? घोड्यांच्या कसरती पाहून टाळ्या पिटणाऱ्या, ख्यालाचा ‘ख’ही न जाणणाऱ्या प्रेक्षकांच्या तिकिटांतून. त्या आण्या-दोन आण्यांवर ग्वाल्हेरीची एक अस्सल गायकी जगली, ही गोष्ट आमच्या रसिकांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. दरबारी आश्रयाचे गोडवे गाताना तंबूची आठवण काढावयास आम्ही लाजतो, दुसरे काय!

विष्णुपंत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निवर्तले. त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कस चालविली आणि खाँसाहेबांचा भारही उचलला. लोक आता त्यांना ‘भूगंधर्व’ म्हणत. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ यांच्या गळ्यावर या गाण्याचा जो संस्कार झाला, तो त्यांच्या आर्त, लांब सुरांत जाणकारांना सहज ओळखू येतो. खाँसाहेबांची अखेरची वर्षे कुरुंदवाडास गेली. विष्णु दिगंबर पलुसकरांचे हेच जन्मगाव. तेथेच ते १९२२ साली पैगंबरवासी झाले.

त्याआधी दोनएक वर्षांच्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या काही तबकड्या घेतल्या. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. त्यांत त्या वृद्ध गवयाने मालकंस गाइला, भूप गाइला, आणि ‘जमुना के तीर’ ही भैरवीही गाइली. ध्वनिमुद्रण जुने, खरखर पुष्कळ; पण तारसप्तकात सूर लागतो तेव्हा ती खरखर कानांस जाणवत नाही. त्या तबकड्यांवर विष्णुपंत छत्र्यांचे नाव कोठेही नाही.