नांगरणीचं चित्र काढणारी रोझा



मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब उरकल्यावर आम्ही सगळ्यांना मोबाईलवर एक जुनं चित्र दाखवलं. नाव सांगितलं नाही. चित्रात नांगरणी चाललेली. वयस्कर बायांनी आधी बैल मोजले. "एका नांगराला सहा! आणि मागं अजून एक नांगर." दुसरी म्हणाली, "पण यांना वशिंड कुठंय?" तिसरीची नजर मातीवर. "ढेकळं बघा, आत्ता उलटल्यासारखी ताजी." मग आम्ही विचारलं, हे कुणी काढलं असेल? उत्तर आलं, "असेल कुणी शेतकऱ्याचा पोरगा."

ते काढलं होतं एका सत्तावीस वर्षांच्या बाईनं, 1849 साली, फ्रान्स देशात. तिचं नाव रोझा बोनर. आजची गोष्ट तिची आणि त्या चित्राची.

रोझाचा जन्म 1822 सालचा, बोर्डो शहरातला. चार भावंडांत ती थोरली. वडील चित्रकला शिकवायचे, कमाई बेताची. लहानपणी रोझाला अक्षरं काही केल्या येईनात. मग आईनं युक्ती केली. प्रत्येक अक्षराला एक जनावर ठरवलं आणि त्याचं चित्र काढायला लावलं. पोरगी वाचायला शिकली आणि जनावरांचं वेड जन्मभराचं लागलं. पुढं कुटुंब पॅरिसला आलं. रोझा अकरा वर्षांची असताना आई वारली. वडिलांनी तिला शिवणकाम शिकायला पाठवलं, पण तिथं तिचं मन रमलं नाही. शेवटी वडिलांनीच तिच्या हातात ब्रश दिला.

घरी शिकण्यावाचून दुसरी वाटही नव्हती. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेशच नव्हता. तो 1897 साली मिळाला, तेव्हा रोझा पंचाहत्तर वर्षांची होती. मग तिनं आपली शाळा आपणच शोधली. संग्रहालयात जाऊन मोठमोठ्या चित्रांच्या नकला केल्या. जनावराच्या अंगात हाडं आणि स्नायू कसे बसलेले असतात ते कळावं म्हणून ती कत्तलखान्यात गेली, गुरांच्या आणि घोड्यांच्या बाजारात गेली.

तिथं घोळदार झगे घालून वावरणं अवघड, आणि पुरुषांच्या नजरा वेगळ्याच. तिनं पुरुषी कपडे घालायचं ठरवलं. पण पॅरिसमध्ये 1800 सालापासून नियम होता की बाईला पुरुषाचा पोशाख करायचा तर पोलिसांचा परवाना हवा. रोझानं तो काढला. 1857 सालचा तिचा एक परवाना आजही बघायला मिळतो. मुदत सहा महिने, पुढं पुन्हा नवा. हा नियम केव्हाच रद्दबातल झाला आहे, असं फ्रान्सच्या सरकारनं अधिकृतपणे सांगितलं ते 2013 साली!

आता चित्राकडे वळू. 1848 साली फ्रान्समध्ये राजाची सत्ता गेली आणि लोकांचं सरकार आलं. त्याच वर्षी पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात रोझाला पदक मिळालं. नव्या सरकारनं तिला नांगरणीचं चित्र काढायचं काम दिलं, मोबदला तीन हजार फ्रँक. निव्हर्ने हा फ्रान्सच्या मधला शेतीचा प्रदेश, पांढऱ्या-बदामी दणकट बैलांसाठी नावाजलेला. तिथली ही हिवाळ्याआधीची पहिली नांगरणी. थंडीत माती उघडी राहून मोकळी व्हावी म्हणून ती करतात.

तैलरंगातलं हे चित्र साडेआठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहे. वर स्वच्छ आभाळ, मागं झाडीची टेकडी, पुढं उलटलेल्या मातीचे तास. माणसं आहेत, पण ती बैलांच्या आडोशाला, चेहरेही नीट दिसत नाहीत. दिसतात ते बैल. ताणलेल्या माना, वजन पेलणारे पाय. त्यातला एक तर सरळ आपल्याकडे बघतो. त्या काळी मोठ्या चित्रांत राजे, देव आणि लढाया असायच्या. रोझानं तेवढी जागा राबणाऱ्या जनावरांना आणि जमिनीला दिली. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

1849 सालीच तिचे वडील वारले. ते चालवत असलेली मुलींची चित्रशाळा रोझानं बहिणीसोबत हाती घेतली. पुढं घोड्यांच्या बाजाराचं तिचं प्रचंड चित्र चाळीस हजार फ्रँकला विकलं गेलं. 1859 साली तिनं स्वतःच्या कमाईतून बी नावाच्या गावात मोठा वाडा घेतला. 1865 साली फ्रान्सची सम्राज्ञी त्या वाड्यावर आली आणि तिनं रोझाला देशाचा मोठा सन्मान दिला. तोवर कुणा बाई-चित्रकाराला तो मिळाला नव्हता. 1899 साली रोझा वारली, ती त्याच घरात.

ही गोष्ट ऐकल्यावर बैठकीत एक ताई म्हणाल्या, "बाईनं नांगराला हात लावू नये म्हणतात आमच्यात. हिनं तर अख्खा नांगर भिंतीवर लावला." सगळ्या हसल्या. मग दुसरीनं हळूच विचारलं, "घर मात्र तिच्या नावावर होतं ना?"

होतं. म्हणून पुढच्या बैठकीला आपण सगळ्यांनी पासबुकाबरोबर आपापल्या घराचा नमुना 8 चा उतारा आणायचा ठरवलंय. त्यावर कुणाचं नाव आहे, ते सगळ्या मिळून वाचू.