नर्मदाकाठचे मधूक

जबलपूरच्या ग्वारीघाटाला लागणारे नर्मदेचे पाणी अमरकंटकाहून निघून, दिंडोरी आणि मंडला हे गोंड-बैगांचे मुलूख ओलांडून तेथवर आलेले असते. घाटावर सायंकाळी आरती होते, द्रोणांतून दिवे सोडले जातात. मद्याचे नावही तेथे कोणी काढीत नाही. २०१७ साली मध्यप्रदेश शासनाने नर्मदेच्या दोन्ही तीरांपासून पाच किलोमीटरांच्या आतील मद्याची दुकाने बंद केली, तेव्हा घाटावरच्या भाविकाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. परंतु याच नदीच्या वरच्या अंगाला, रानातल्या वस्त्यांत, मोहाच्या फुलांचे मद्य जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी देवापितरांपुढे ठेवले जाते. त्याची धार भूमीवर सोडल्यावाचून कोणी ओठाला लावीत नाही. नदी एक आणि पावित्र्याच्या कल्पना दोन, अशी ही स्थिती आहे. आणि कायद्याने आजवर त्यांतील एकच कल्पना ओळखली.

मद्याला गावाचे नाव देण्याची चाल युरोपियांनी काढली, असा समज आहे. तो खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षांच्या रसाला ‘मधु’ म्हटले आहे, आणि त्याच्या उत्पत्तिस्थानावरूनच त्याची कापिशायन व हारहूरक ही नावे पडल्याचे सांगितले आहे. कापिशायन म्हणजे कापिशीचे, आजच्या अफगाणिस्तानातले. पाणिनीने तर हा शब्द साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र रचले. चरकाने चौऱ्यांशी आसव मोजले, त्यांत द्राक्षांबरोबर मधूकाच्या फुलांनाही स्थान दिले. हे मधूक म्हणजेच हिंदीतला महुआ आणि मराठीतला मोह. मराठी कानाला या नावात भुरळ ऐकू येते. वास्तविक त्या ‘मोहा’शी या झाडाचा काही संबंध नाही, नाते आहे ते ‘मधु’शी. म्हणजे शास्त्रकारांना फूल ठाऊक होते. पण कापिशीच्या द्राक्षाला जसे आपल्या गावाचे नाव लाभले, तसे नर्मदेच्या खोऱ्यातल्या या फुलाला लाभले नाही.

फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने गळतात आणि फुलांचे घोस येतात. फूल उमलते रात्री आणि पहाटेच्या सुमारास गळून पडते. फिकट पिवळसर, मांसल आणि इतके गोड की ते वेचण्यासाठी माणसाला अस्वलाशी स्पर्धा करावी लागते! म्हणून बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून साफ केलेला असतो. फुले उन्हात वाळवली की मनुकांसारखी सुरकुततात, आणि वजनाचा निम्म्याहून अधिक भाग निव्वळ साखर उरते. या झाडाचेही द्राक्षासारखे भेद आहेत: मध्यभारतातले रुंद पानांचे, दक्षिणेतले लांबट पानांचे. दुष्काळात या फुलांनी असंख्य जीव तगवले आहेत. ती मद्याआधी अन्न आहेत, हे विसरता कामा नये.

मद्य करण्याची रीत साधी. वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजत ठेवून आंबवावयाची, मग मडक्यात घालून चुलीवर चढवावयाची, वर दुसरे मडके पालथे घालून सांधे मातीने लिंपावयाचे, आणि वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावयाची. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला शब्दप्रयोग अशाच भट्टीवरून आला आहे.

या भट्टीचा इतिहास मात्र साधा नाही. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी बुडविले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाल्यावर जबलपूरचा कारभार नागपुरातून चालू लागला, आणि भट्टीकडे पाहण्याची सरकारची दृष्टी पुरती बदलली. जे घरचे होते ते महसुलाचे झाले. दारू गाळण्याचा मक्ता लिलावाने देण्यात येई. तो बहुधा कलारांकडे जाई आणि गोंडाला आपल्याच रानातल्या फुलांची दारू कलाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागे. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. झाडावरून गळलेले फूल गुन्ह्याचा पुरावा ठरावे, असे उदाहरण विरळाच! सरकारला नीतीची चिंता होती असे म्हणावे, तर त्याच सरकारच्या तिजोरीत अबकारीचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढत होते. पुढे राष्ट्रीय मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा केला. त्याचा हेतू निर्मळ होता, पण ‘देशी दारू’ या एका शब्दात कारखान्यातले स्पिरिट आणि देवापुढची धार तेव्हाही एकत्रच मोजली गेली.

इटलीच्या दक्षिणेत बाझिलिकाता नावाचा डोंगराळ, दरिद्री प्रांत आहे. तेथे व्हुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर अल्यानिको नावाची काळी द्राक्षे पिकतात. त्यांचे मद्य दीर्घकाळ पिंपांनी बाहेर जाई आणि दुसऱ्यांच्या हलक्या मद्यात जोर आणण्यासाठी निनावी मिसळले जाई. १९६३ मध्ये इटलीने मद्याच्या उत्पत्तिस्थानाला संरक्षण देणारा कायदा केला. १९७१ मध्ये व्हुल्तुरेच्या अल्यानिकोला ती मान्यता मिळाली. द्राक्षे पूर्वीचीच होती आणि डोंगरही पूर्वीचाच. फरक पडला तो बाटलीवरच्या नावाने.

मंडल्यात असेच काही घडू पाहत आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात मंडल्याच्याच सभेत मध्यप्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली आणि आदिवासींच्या गटांना ती तयार करून विकण्याची वाट मोकळी केली. गंमत अशी की, १ एप्रिल २०२५ पासून ज्या पवित्र स्थळी मद्यविक्री बंद झाली, त्यांत मंडला शहरही आहे. ज्या जिल्ह्यात मद्याला वारशाचा मान मिळाला, त्याच्याच मुख्य गावात ते विकता येत नाही. श्रद्धा आणि उपजीविका यांची अशी गाठ पडली की शासनाचे हुकूम एकमेकांना छेदू लागतात.

फुले वेचणारीला या मानाची झळाळी अजून फारशी पोहोचलेली नाही. चैत्रात घरी पैसा नसतो, साठवणीला कोरडी जागा नसते. म्हणून ती वाळलेली फुले बाजाराच्या दिवशी मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला घालते. पावसाळ्यात घरी लग्न किंवा दिवसकार्य निघाले, म्हणजे तीच फुले चढ्या भावाने परत विकत आणते.