दार बंद झाले होते का? २२ ऑक्टोबर १८४४ आणि कृपेच्या मुदतीचा वाद (धागा)

२२ ऑक्टोबर १८४४, मंगळवार. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात पोर्ट गिब्सन नावाचे एक खेडे आहे. तेथील हायरम एडसन या शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी काही माणसे जमली होती. येशू ख्रिस्त आज आकाशातून परत येणार, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. दिवस मावळला, मध्यरात्र उलटली, कोणी आले नाही. पहाट होईपर्यंत आम्ही रडत राहिलो, अशी आठवण एडसनने पुढे लिहून ठेवली. त्या रात्री अमेरिकेच्या ईशान्य भागात हजारो घरांत हेच घडले. इतिहासात या घटनेला ‘महानिराशा’ म्हणतात.

ही गोष्ट बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते. पांढरे झगे घालून टेकड्यांवर आणि घरांच्या छपरांवर चढलेले वेडे लोक, हे चित्र तर फारच लोकप्रिय आहे. मात्र ते तत्कालीन वृत्तपत्रांच्या टवाळीतून रंगत गेले. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल यांनी या झग्यांच्या कथांचा माग काढला, तेव्हा भक्कम समकालीन पुरावा हाती लागला नाही. निकोल स्वतः त्याच परंपरेतले होते, हे लक्षात ठेवलेच पाहिजे. पण त्यांचे हे खंडन पुढील इतिहासकारांनीही बहुतांशी मान्य केले आहे.

झग्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडली. ‘गणित कोठे चुकले?’ हा प्रश्न तर पडलाच. त्याच्या मागोमाग त्याहून भयंकर प्रश्न उभा राहिला: जगातील उरलेल्या माणसांचे तारण आता होऊ शकते का, की कृपेचे दार कालच बंद झाले?

हा प्रश्न कळण्यासाठी ख्रिस्ती शिकवणीतील तीन शब्द समजून घ्यावे लागतात. तारण म्हणजे पाप आणि मृत्यू यांच्या बंधनातून सुटका. कृपा म्हणजे ती सुटका मिळण्याचा मार्ग: माणूस ती स्वतःच्या पुण्याईने कमावू शकत नाही, ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणामुळे ती देणगी म्हणून मिळते, असे पौलाची पत्रे सांगतात, सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने याच मुद्द्यावर युरोप हलवून सोडला. तिसरा शब्द आशा. ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, न्याय होईल, ही आशा कोणा एका पंथाची नाही. चौथ्या शतकातील नायसियाच्या विश्वासांगीकारात ती आहे आणि रोमन कॅथलिकांपासून प्रॉटेस्टंटांपर्यंत सर्वजण आजही ती उच्चारतात.

कृपा आणि आशा यांच्यामध्ये एक ताण आहे. कृपा सर्वांसाठी खुली आहे. पण ख्रिस्त आला की न्याय सुरू होतो, म्हणजे कृपेचा काळ संपतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कन्यांचा दृष्टान्त हेच सांगतो. वराला उशीर होतो, कन्यांना डुलकी लागते, मध्यरात्री हाक येते. पाच जणींच्या दिव्यांत तेल असते, पाच जणी तेल आणायला धावतात. तोवर वर आत जातो आणि दार लावले जाते. तारीख माहीत नसते तोवर हा दृष्टान्त ‘जागे राहा’ एवढेच सांगतो. तारीख ठरली, की ते दार नेमके कोणत्या दिवशी बंद होणार, हेही ठरते.

तारीख ठरवणारा माणूस भोंदू नव्हता. विल्यम मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टनचा शेतकरी. तरुणपणी तो देववादी होता. म्हणजे जग निर्माण करून बाजूला झालेला, माणसाच्या व्यवहारात न पडणारा ईश्वर मानणारा. १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन होता. सप्टेंबर १८१४ मध्ये प्लॅट्सबर्ग येथे संख्येने कितीतरी मोठ्या ब्रिटिश सैन्याला माघार घ्यावी लागली, हे त्याने स्वतः पाहिले आणि ईश्वर खरोखरच अलिप्त आहे का, अशी शंका त्याला सतावू लागली. १८१६ मध्ये त्याचे मनपरिवर्तन झाले. जुने मित्र थट्टा करू लागले, तेव्हा त्याने बायबल आणि एक शब्दसूची एवढ्या दोनच साधनांनिशी, वचनामागून वचन घेत वाचन सुरू केले. एक वचन उलगडल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा त्याचा नेम होता.

दानीएलाच्या पुस्तकातील आठव्या अध्यायात २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असे भाकीत आहे. भाकितातील एक दिवस म्हणजे एक वर्ष, ही मोजणी मिलरच्या आधीही अनेक प्रॉटेस्टंट भाष्यकार वापरत होते. आरंभबिंदू म्हणून त्याने इ. स. पूर्व ४५७ हे वर्ष धरले. त्या वर्षी पर्शियन सम्राट अर्तहशश्त याच्या आज्ञेने एज्रा यरुशलेमला परतला, असे मानले जाते. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, असा अर्थ त्याने लावला. २३०० मधून ४५७ वजा केले, की उरतात १८४३.

हा निष्कर्ष त्याने १८१८ मध्ये काढला आणि पुढची तेरा वर्षे जवळजवळ मौन पाळले. आपण चुकत असू, ही धास्ती होती. खरे ठरलो आणि लोकांना सांगितलेच नाही, तर त्यांच्या नाशाचा दोष आपल्या माथी, ही धास्ती त्याहून मोठी होती. शेवटी ऑगस्ट १८३१ मध्ये त्याने देवाशी एक करार केला: कोणी आपणहून बोलावले तरच बोलेन. अर्ध्या तासात भाचा दारात उभा राहिला, प्रवचनाचे आमंत्रण घेऊन! मिलर रागारागाने बाहेर निघून गेला आणि झाडीत प्रार्थना करून परतला, तो प्रवचनकार होऊनच.

काळही अनुकूल होता. तत्कालीन अमेरिकेत धर्मजागृतीची लाट होती, परंतु तिचा सूर आशावादी होता. समाज सुधारत जाईल, मग सहस्र वर्षांचे सुवर्णयुग येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल, असे चार्ल्स फिनीसारखे प्रवचनकार मानत. मिलरने हा क्रम उलटा केला: आधी ख्रिस्त येईल, मग सुवर्णयुग. १८३७ च्या आर्थिक कोसळणीनंतर ‘समाज आपोआप सुधारतो आहे’ हे वाक्य अनेकांच्या गळी उतरत नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

१८३९ मध्ये बॉस्टनचा पाळक जोशुआ हाइम्स त्याला येऊन मिळाला आणि खेड्यापाड्यांतील प्रवचनांची चळवळ झाली. वृत्तपत्रे निघाली, हजारो माणसे मावतील असा प्रचंड तंबू शिवला गेला, दानीएलाच्या दृष्टान्तातील पशू आणि आकडे एकत्र दाखवणारे तक्ते छापून प्रवचनकारांच्या हाती दिले गेले. अनुयायांची संख्या पन्नास हजार ते एक लाखाच्या घरात असावी, असे अंदाज आहेत. आरंभी ही माणसे आपापल्या चर्चमध्येच होती. १८४३ मध्ये चार्ल्स फिच याने ‘चर्चमधून बाहेर पडा’ असे आवाहन केले. काही बाहेर पडले, काहींना काढण्यात आले. पोर्टलंड येथील मेथडिस्ट चर्चने नावे कमी केलेल्या कुटुंबांत हार्मन कुटुंब होते. त्यातील किशोरवयीन मुलगी एलन पुढे पुन्हा येईल.

विरोधकांचा मुख्य आक्षेप बायबलमधूनच येई: तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे ख्रिस्तानेच म्हटले आहे. त्यावर मिलरपंथी उत्तर देत, की दिवस आणि घटका कळणार नाही, पण तो काळ जवळ आल्याचे ओळखावे, असेही त्यानेच सांगितले आहे. मिलर स्वतः दिवस सांगत नसे. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ एवढेच त्याचे माप. ते वर्ष सरले. मिलरने चूक उघडपणे कबूल केली, आशा सोडली नाही.

मग ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटर येथील मेळाव्यात सॅम्युअल स्नो उभा राहिला. त्याची मांडणी खरोखर कुशल होती. इ. स. पूर्व १ नंतर थेट इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. ४५७ च्या मध्यापासून मोजायचे तर २३०० वर्षे १८४३ मध्ये नव्हे, १८४४ च्या शरद ऋतूत पुरी होतात. पवित्रस्थानाची शुद्धी यहुदी पंचांगात प्रायश्चित्ताच्या दिवशी, सातव्या महिन्याच्या दशमीस होते. म्हणून ख्रिस्त त्याच तिथीस येणार. प्रचलित यहुदी पंचांगानुसार ती तिथी त्या वर्षी २३ सप्टेंबरला होती. परंतु अधिक महिना कधी धरायचा याविषयी कराईट पंथाची गणना वेगळी असल्याने स्नोने २२ ऑक्टोबर ही तारीख काढली. अधिक मासाचे भांडण मराठी वाचकाला नवे नाही. येथे त्या एका महिन्यावर हजारो लोकांचा जीव टांगला होता.

शिवाय दृष्टान्त जुळत होता. वराला उशीर झालाच होता. आता मध्यरात्रीची हाक आली! काहींनी दुकाने बंद केली, काहींनी उभे पीक शेतात तसेच ठेवले, कोणी जुनी देणी चुकती केली. फिच थंड पाण्यात उभा राहून नव्या श्रद्धाळूंना बाप्तिस्मा देत राहिला, तापाने आजारी पडला आणि १४ ऑक्टोबरला वारला. मिलरने ही तारीख मान्य केली ती ६ ऑक्टोबरला, अगदी शेवटी. चळवळ तिच्या प्रवर्तकाच्या पुढे निघून गेली होती.

२२ तारखेनंतर मिलरपंथीयांपुढे मोजके पर्याय होते. अनेकांनी श्रद्धाच सोडली. काहींनी नव्या तारखा काढल्या. पण ज्यांना तो अनुभव खोटा मानवेना, त्यांच्यासाठी दृष्टान्त एक पाऊल पुढे सरकला: हाक झाली, वर आत गेला, म्हणजे दार बंद. ज्यांनी संदेश नाकारला, त्यांच्यासाठी कृपेचा काळ संपला. हीच ‘बंद दारा’ची शिकवण. स्वतः मिलरही काही महिने असेच मानत होता.

या शिकवणीकडे केवळ सूडबुद्धी म्हणून पाहणे सोपे आहे आणि थोडी सूडबुद्धी तीत असेलही. महिनोन् महिने हसणाऱ्या शेजाऱ्यांविषयी माणसाला काय वाटते, हे सांगायला नको. पण मूळ अडचण तर्काची होती. तारीख खरी मानायची, तर दारही बंद मानावे लागे. दार उघडे मानायचे, तर तारीख सोडावी लागे. एप्रिल १८४५ मध्ये ऑल्बनी येथील परिषदेत हाइम्स आणि मिलर यांच्या बाजूच्या बहुसंख्य गटाने दुसरा मार्ग धरला. ख्रिस्त लवकर येईल ही आशा त्यांनी ठेवली आणि सर्वांना सुवार्ता सांगण्याचे काम चालूच राहील, असे ठरवले. मिलर डिसेंबर १८४९ मध्ये, वाट पाहतच वारला.

एका लहान गटाला मात्र तारीख सोडवेना. २३ ऑक्टोबरच्या सकाळी मक्याच्या शेतातून जाताना एडसनला सुचले, की दिवस बरोबर होता, घटना चुकीची होती. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी नव्हे, ते स्वर्गातले. त्या दिवशी ख्रिस्त तेथील परमपवित्रस्थानात गेला आणि अखेरच्या सेवेला आरंभ झाला. डिसेंबर १८४४ मध्ये सतरा वर्षांच्या एलन हार्मनला पहिले दर्शन झाले. लहानपणापासून नरकाच्या भीतीने आणि ‘आपण तारलेले आहोत का?’ या शंकेने पोळलेली ही मुलगी पुढे एलन व्हाइट म्हणून या गटाचा प्रमुख आवाज बनली.

हा गटही काही वर्षे बंद दाराला धरून होता. मग ती शिकवण तिच्याच वजनाने वाकू लागली. १८४४ मध्ये अजाण असलेली मुले मोठी झाली. त्यांनी काय नाकारले होते? ज्यांच्या कानी संदेश कधी पडलाच नाही, त्यांचे काय? आणि काही अनोळखी माणसे स्वतःहून येऊन विश्वास ठेवू लागली, त्यांना काय सांगायचे? १८४९ मध्ये एलनने एक दार बंद आणि दुसरे उघडे असल्याच्या दर्शनाविषयी लिहिले. १८५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘बंद दार’ म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गातील सेवेचा संपलेला पहिला टप्पा, एवढाच अर्थ उरला. कृपेचे दार सर्वांना खुले झाले. आपण अर्थ बदलला, असे त्यांनी क्वचितच म्हटले. बदल मात्र मोठा होता. दार बंद मानणारा गट धर्मप्रसार करीत नाही. दार उघडे मानल्यावर या गटाने १८६३ मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना केली, तेव्हा सुमारे ३५०० सभासद होते.

तरी कृपेचा प्रश्न मिटला नाही, त्याने रूप बदलले. शनिवारचा शब्बाथ आणि दहा आज्ञा यांवर इतका भर पडला, की तारण आज्ञापालनाने मिळते की काय, असे वाटू लागले. १८८८ मध्ये मिनिआपोलिस येथील परिषदेत वॅगनर आणि जोन्स या दोन तरुण प्रवचनकारांनी ज्येष्ठांना आव्हान दिले: नीतिमत्त्व विश्वासाने मिळते, ती ख्रिस्ताची देणगी आहे. संपादक युराया स्मिथ यांच्यासह अनेक ज्येष्ठ संतापले. आता साठीची असलेली एलन व्हाइट तरुणांच्या बाजूने उभी राहिली.

या उघडलेल्या दारातून निघालेली वाट भारतातही आली. १८९३ मध्ये या चर्चचे पुस्तकविक्रेते मद्रासला उतरले. पुण्यात औंध रस्त्याने जाताना दिसणारी स्पायसर ही शिक्षणसंस्था याच परंपरेची आहे. १९१५ मध्ये दक्षिण भारतात सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली. विल्यम स्पायसर हे भारतात काम केलेले मिशनरी, पुढे या चर्चचे जागतिक अध्यक्ष. आज या चर्चचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत आणि ‘ॲडव्हेंटिस्ट’ या नावातच आगमनाची प्रतीक्षा आहे. १८४४ नंतर या चर्चने पुनरागमनाची तारीख अधिकृतपणे कधीच जाहीर केलेली नाही.