मर्यादेतील अनंत : जयपूरचे यंत्र, रासमंडल आणि कथक

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेले जयपूर आखीव नगररचनेसाठी प्रसिद्ध आहे. या नगराचे आराध्यदैवत मात्र गोविंददेव. आणि गोविंदाच्या रासाला ना स्थळाची सीमा, ना काळाची. मोजमापाचे शास्त्र आणि भक्तीचे उधाण या दोन विरोधी प्रवृत्ती येथे केवळ शेजारी नांदल्या, असा निष्कर्ष त्यावरून सहज काढला जातो. जयपूरच्या कलापरंपरेचा साक्षेपाने विचार केला असता तो टिकत नाही. येथील यंत्र, चित्र आणि नृत्य या तिन्हींमध्ये अनंताचा प्रत्यय मर्यादा मोडून नव्हे, तर ती काटेकोरपणे आखून दिलेला आहे.

जयसिंहांच्या आश्रयाला असलेले आणि मूळचे महाराष्ट्रातील मानले जाणारे पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ हे पंधरा अध्यायांचे संस्कृत रूपांतर नसिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून सिद्ध केले. कितीही वाढविल्या तरी न मिळणाऱ्या समांतर रेषांची कल्पना या शास्त्रात मूलभूत आहे. म्हणजे अमर्यादाचा विचार येथे व्याख्येच्या शिस्तीतून येतो. त्याच शिस्तीचे दृश्य रूप जंतरमंतरात आढळते. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्यावर दोन सेकंदांइतका सूक्ष्म काळ वाचता येतो. जयप्रकाश यंत्रात तर आकाशाचा गोल उलटा करून दोन अर्धगोल संगमरवरी वाट्यांत उतरविला आहे. निरीक्षकाला आत उतरता यावे म्हणून या वाट्यांच्या पृष्ठभागावर मोकळ्या फटी ठेवलेल्या आहेत. छाया एका वाटीच्या फटीत पडते, तेव्हा ती दुसऱ्या वाटीच्या पृष्ठभागावर सापडते. दोन्ही अपूर्ण वाट्या मिळून आकाश पूर्ण होते.

अनंताने मर्यादेत यावे, ही कल्पना पुराणपरंपरेला नवी नव्हती. भागवताच्या दशम स्कंधात यशोदा बाळकृष्णाला उखळाशी बांधू लागते, तेव्हा दरवेळी दोरी दोन बोटे कमी पडते. अखेर मातेचे श्रम पाहून तो स्वतःच बांधला जातो आणि ‘दामोदर’ हे नाव त्याला लाभते. याच स्कंधातील एकोणतीस ते तेहेतीस या पाच अध्यायांत, म्हणजे रासपंचाध्यायीत, हेच सूत्र मंडलाचे रूप घेते. गोपींना गर्व होताच कृष्ण अंतर्धान पावतो. पुढे तो परततो आणि दोन-दोन गोपींच्या मध्ये एकेक होऊन उभा राहतो. प्रत्येकीला तो आपल्याच जवळ आहे असे वाटते. एक असलेला अनेक होतो, तो वर्तुळाच्या नियमाने. परिघावर पहिले किंवा शेवटचे स्थान नसल्यामुळे तेथे कोणी अधिक वा उणे उरत नाही.

सवाई प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत (१७७८–१८०३) हे मंडल जयपूरच्या चित्रकलेत विशेष प्रतिष्ठा पावले. राजा स्वतः ‘ब्रजनिधि’ या नावाने काव्यरचना करीत असे. साहिबराम या दरबारी चित्रकाराच्या नावाशी रासलीलेच्या भित्तिचित्रांसाठी केलेली मोठी रेखाटने जोडली जातात. त्यांपैकी सु. १८०० मधील कृष्णमस्तकाचे रेखाटन आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यातील रेषा निःसंशय अप्रतिम आहे. परंतु मंडलातून सुटलेले ते एकटे मस्तक केवळ सुंदर मुखाकृती ठरते. रासाची अमर्यादता त्यात उरत नाही.

जयपूर दरबारच्या गुणीजनखान्याचा आश्रय लाभलेल्या कथकाने हेच तत्त्व काळाच्या माध्यमात राबविले. तत्कार, परण आणि चक्कर यांवर जयपूर घराण्याचा विशेष भर असतो. त्रितालाच्या सोळा मात्रा ठरलेल्या आहेत; पण त्यांच्या पोटात लयीचे विभाजन किती प्रकारांनी करावे, याला अंत नाही. मात्र प्रत्येक विस्ताराने समेवर परतले पाहिजे. सम चुकली, तर तो विस्तार केवळ भरकटणे ठरतो. ही विद्या महाराष्ट्रातही रुजली. रोहिणी भाटे यांनी आरंभीचे शिक्षण जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे घेतले आणि १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ची स्थापना केली.

संस्थानी आश्रय संपल्यावर कथक मुख्यतः तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभे राहिले. तेथे चक्करांची संख्या मोजून टाळी देण्याची सवय वाढली, आणि मोठी संख्या हीच अमर्यादता असा समज दृढ झाला. वस्तुतः शंभरावे चक्कर पहिल्यापेक्षा अनंताच्या अधिक जवळ नसते. यशोदेनेही दोरीला दोरी जोडलीच होती. उणीव दोन बोटांचीच राहिली. जयपूरच्या कलावंतांनी परिमाण वाढविण्यापेक्षा केंद्र सांभाळण्याला महत्त्व दिले. वाटीत आकाश उतरले, परिघावर एकाच कृष्णाची अनेक रूपे उभी राहिली आणि सोळा मात्रांत काळ पुनःपुन्हा नवा झाला. त्या केंद्राचे भान सुटले, तर या परंपरेचे कौशल्य उरेल. परंतु ज्यासाठी ते कौशल्य कमावले गेले, तो प्रत्यय उरणार नाही.