पाण्याला वाट : एका गळक्या फियाटचा इतिहास

कोकणात आगोट म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, लाकूडफाटा आत घ्यायचा, तिखट-मीठ-मसाला भरून ठेवायचा. अलिबागच्या आमच्या घरी या यादीत आणखी एक काम असे. ते म्हणजे गाडीची आगोट. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वडील अंगणात फियाटच्या पायतळाची रबरी मॅट काढून उन्हात टाकत, खाली तरट अंथरून स्वतः गाडीखाली सरकत, आणि तासाभराने बाहेर येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर तांबूस भुकटी साचलेली असे. तो गंज होता.

वडील डॉक्टर होते. पंचक्रोशीतल्या गावांत त्यांना व्हिजिटला जावं लागे. १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट त्यांनी १९७६ साली जुनी म्हणून घेतली आणि त्याच दिवशी एक दोनशेपानी वही घातली. किलोमीटर, पेट्रोल, ऑइल हे सगळं तिच्यात आहेच; पण निम्मी वही पाण्याने आणि गंजाने भरलेली आहे. कुठून गळलं, काय लावलं, किती पैसे गेले. शेवटची नोंद १९९४ ची. वडील गेल्यावर ती वही माझ्याकडे आली आणि गाडीही. मी अभियंता नाही. जुन्या वस्तूंचा इतिहास शोधायचा छंद जडलेला एक माणूस आहे. मोटार कंपन्यांचे इतिहास वाचताना मला नेहमी जाणवत आलं की गाडी कारखान्यातून बाहेर पडली की तिचा लिखित इतिहास संपतो. प्रत्यक्षात तिचं आयुष्य तिथे सुरू होतं. ही वही म्हणजे त्या न लिहिलेल्या भागातली थोडी पानं. तिच्या आधारे एका गळतीचा माग काढायचा हा प्रयत्न.

गाडी टिकवणं भाग का होतं

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० रस्त्यावर आली. गोलसर पाठीची ती पहिली गाडी मुंबईकरांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. १९६४ साली तिच्या जागी चौकोनी अंगाची डिलाइट आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाट हे नाव गेलं आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. नाव बदललं, पत्र्याचा घाट बदलला नाही.

या स्थैर्यामागे सरकारी धोरण होतं. देशात खरोखर उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे जागा नाही, असं १९५३ साली ठरलं आणि जनरल मोटर्स, फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. परदेशी गाड्यांची आयात जवळपास बंद झाली. १९५९ साली मोटारींच्या वितरण-विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम निघाला. किमतीही सरकार ठरवू लागलं आणि त्या किमतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तर गाड्यांच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नवी गाडी हवी असेल तर पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहायची. मारुती ८०० ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली ती डिसेंबर १९८३ मध्ये.

अशा काळात पत्रा कुजला म्हणून गाडी टाकून देणं परवडणारं नव्हतं. पत्र्याला ठिगळ लावणं हौसेचं काम नव्हतं, ती संसारातली गरज होती. गोधडीला ठिगळ लावतात तसं.

पत्रा हाच सांगाडा

वडिलांच्या आधीच्या पिढीतल्या बहुतेक गाड्यांना खाली जाड लोखंडी चौकट असे आणि वर बॉडी बसवलेली असे. बॉडी गंजली तरी चौकट शाबूत राही. १९५३ साली इटलीत आलेल्या नव्या फियाट ११०० ला वेगळी चौकट नव्हती. पातळ पत्रे वाकवून, एकमेकांना डाग देऊन पोकळ पेट्या केलेल्या आणि त्या पेट्यांनीच गाडीचा भार पेललेला. अ‍ॅम्बॅसेडरचीही रचना हीच. त्यामुळे गाडी हलकी झाली, पण गंजाचा अर्थ बदलला. पूर्वी तो कातडीचा रोग होता, आता हाडांचा झाला.

पोकळ पेटीला आतून रंग नीट पोचत नाही. अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात थर बसवण्याची पद्धत साठच्या दशकात फोर्डने आणली. तिचा आज सर्वत्र वापरला जाणारा सुधारलेला प्रकार मोटारींत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची बॉडी पोर्शने त्याच दशकाच्या मध्याला वापरली, औदीने ऐंशीच्या दशकात. लोखंडाला जस्ताचा लेप देण्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी घेतलं ते १८३७ साली! ज्ञान होतं, पण स्वस्त गाडीपर्यंत पोचायला त्याला दीडशे वर्षं लागली. गंजाचं दुखणं केवळ आपलंही नव्हतं. फियाटच्याच मालकीच्या लान्चिया कंपनीवर १९८० साली ब्रिटनमध्ये गंजलेल्या बीटा गाड्या परत विकत घेण्याची वेळ आली होती.

आपल्याकडे फरक पडला तो पावसाचा. तुरिनमध्ये पाऊस वर्षभर विभागून पडतो. आमच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. गंजायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ असलं की काम झपाट्याने होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की पाचर ठोकल्यासारखा सांधा उकलतो आणि तिथून आणखी पाणी आत येतं.

गळती शोधण्याची रीत

वहीतली मला सर्वांत आवडणारी पानं गळती शोधण्याची आहेत. रीत साधी, पण दोन माणसं लागतात. मी आत टॉर्च घेऊन बसायचो, मॅट काढलेली, पायतळावर खडूची पूड भुरभुरलेली. वडील बाहेरून तांब्याने पाणी ओतत, खालून सुरुवात करून वर जात. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, मग वरची पन्हळ. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि काहीच कळत नाही. खडूच्या पुडीत पहिली ओली रेघ उमटली की मी ओरडायचो.

पण ओल दिसते तिथे गळती नसते. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे माहीत असतं. थेंब देवघरात पडतो आणि कौल फुटलेलं असतं ओटीवर. मधे पाणी वाशावरून चालत गेलेलं असतं. गाडीतही समोरच्या काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी दाराच्या खांबातून उतरतं, दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेटीत जातं आणि मागच्या सीटवरल्या माणसाची चप्पल भिजवतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. गाडीचं दार पाणी अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. खालीवर होणाऱ्या काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जाणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. म्हणून दाराच्या तळाला आणि दाराखालच्या पेटीला निथळायची भोकं ठेवलेली असतात. गाडी पाण्याशी झगडत नाही, त्याला वाट देते. चाकाने उडवलेली माती आणि झाडाखाली उभ्या गाडीत साठलेला पाचोळा ही भोकं बुजवतात. सायकलच्या चाकाची जुनी तार घेऊन ती मोकळी करणं हे गाडीच्या आगोटीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचं काम.

१९८३ चं ठिगळ

आता मूळ गळतीकडे येतो. वहीत सप्टेंबर १९८३ मध्ये डाव्या बाजूच्या मागच्या पायतळाला वीतभर लांबीचं भोक पडल्याची नोंद आहे. उपाय तपशीलवार लिहिलाय. वायर ब्रशने घासून गंज काढला. उरलेल्या गंजावर हिरड्याचा काढा दोनदा फासला. गॅस वेल्डिंगने पत्र्याचं ठिगळ बसवलं, वर रेड ऑक्साइड, कडेला लांबी, आणि खालून सगळ्या तळाला डांबराचा जाड हात.

हिरड्याच्या काढ्याची नोंद वाचून मी आधी हसलो होतो. मग कळलं की हिरड्यात टॅनिन असतं आणि टॅनिन गंजाशी मिळून काळा, घट्ट बसणारा थर तयार करतं. आज बाजारात बाटलीत मिळणाऱ्या गंजरोधकांपैकी काहींचं तत्त्व हेच आहे. हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई होते, तीही याच रसायनाने. वडिलांना ते कुठून सुचलं, हे वहीत नाही.

पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी समाधानाने लिहिलंय की मागचा पायतळ कोरडा आहे. १९८५, १९८६, १९८७, दर जुलैला तीच नोंद. समोरच्या काचेचं रबर मात्र बदललं गेलं ते १९९१ साली.

दोन वर्षांपूर्वी मी गाडी अंगणात ठोकळ्यांवर चढवली. डाव्या दाराखालचा रंग बाहेरून धड दिसत होता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज टेकवलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. पेटी आतून संपली होती. चिकटून राहिलेलं डांबर खरवडलं, तेव्हा त्याखाली कारखान्याने ठेवलेली निथळायची भोकं सापडली. सगळी बुजलेली.

म्हणजे घडलं ते असं. पाणी काचेच्या रबरातून पेटीत येत होतं. भोकं मातीने अर्धी बुजल्यामुळे ते पेटीत साठून पायतळावर येत होतं आणि त्यानेच तो पत्रा खाल्ला. वडिलांनी ठिगळ लावून पाण्याची आतली वाट बंद केली आणि डांबर फासून बाहेरचीही. पाणी यायचं थांबलं नव्हतं. ते दिसायचं थांबलं होतं. ज्या कोरड्या पायतळाची त्यांनी आठ पावसाळे नोंद केली, तो कोरडेपणाच पेटीच्या आत चाललेल्या नाशाचा पुरावा होता.

मला वाईट वाटलं. त्यांच्या हातचं सर्वांत काळजीने केलेलं कामच गाडीच्या मुळावर आलं होतं. म्हणून मी पुन्हा वहीकडे गेलो, त्याच सप्टेंबरच्या पानावर. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते मी पूर्वी वाचलंच नव्हतं. काचेच्या रबरासाठी मुंबईला दोनदा निरोप पाठवला होता. मिळालं ते एकदा आखूड होतं, दुसऱ्यांदा काचेच्या कोपऱ्यात बसत नव्हतं. म्हणजे पाणी कुठून येतं, ते त्यांना ठाऊक होतं. त्या काळात मिळत नव्हतं ते रबर. मिळत होते पत्रा, गॅस, डांबर. जे मिळालं त्याने त्यांनी दुरुस्ती केली.

टंचाईच्या काळातल्या दुरुस्तीबद्दल आपण दोन टोकांनी बोलतो. एक तर ‘जुगाड’ म्हणून कौतुक, नाहीतर अडाणीपणा म्हणून हेटाळणी. या वहीने मला तिसरी गोष्ट शिकवली. दुरुस्ती करणाऱ्याला रोग कळलेला असू शकतो, तरीही बाजारात जे औषध असेल त्याच रोगावर तो इलाज करतो. ठिगळात माणसाची बुद्धी दिसते आणि त्याच्या काळाचं दुकानही दिसतं.

पुन्हा एकदा तांब्या

पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढून ठेवली. वेल्डिंग जाणत्या हाताचं काम, त्यासाठी गावातला कारागीर अंगणात आला. जुन्या लाल प्रायमरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा न घासता पाणी मारून, नाकाला फडकं न बांधता चांगला मास्क लावून काढला. कुजलेली पेटी कापून नवी वाकवून बसवली आणि भोकं मूळ जागी ठेवली. आतून पातळ मेण फवारलं. डांबर नाही, कारण डांबराला तडा गेला की त्यामागे पाणी कोंडतं. आणि सर्वांत आधी काचेचं रबर बदललं. आता ते घरपोच येतं, ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराचं, कोपऱ्यात अचूक बसणारं. मिळायला चार दिवस लागले.

१९८३ चं ठिगळ मी फेकलं नाही. घासून, तेल लावून वहीसोबत ठेवलंय.

मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्या वेळी एखादी तरी गाडी जतन व्हावी, अशी मागणी झाली, ती रास्तच होती. पण संग्रहालयात गाडी ठेवताना ती चकचकीत रंगवून ठेवतात आणि रंगाखाली चाळीस वर्षांची ठिगळं नाहीशी होतात. हजारो टॅक्सीवाल्यांनी, गॅरेजातल्या पोऱ्यांनी आणि अंगणात तरट टाकून झोपलेल्या गृहस्थांनी ती गाडी पावसातून बाहेर काढली, त्याची खूण त्या ठिगळांतच होती. कुणाच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल तर ती रद्दीत देऊ नये, एवढंच सांगणं आहे.

काम संपल्यावर मी मुलीला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून तांब्याने पाणी ओतलं, खालून वर. खडूची पूड कोरडी राहिली. मी वाकून दाराखाली पाहिलं. भोकाभोकातून पाणी ठिबकत होतं. वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं : पाणी खालून बाहेर पडतं आहे.